एअरसेन्स १० ऑटोसेट : मशीन पास, जोडून देणारा नापास

झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी, म्हणजे स्लीप ॲप्नियासाठी, वापरतात ते सीपॅप मशीन. रेसमेड कंपनीचं एअरसेन्स १० ऑटोसेट हे असंच मशीन २०१४ साली बाजारात आलं. पुढे २०२१ मध्ये एअरसेन्स ११ आलं, तरी दहा नंबरचं मशीन अजून मागे पडलेलं नाही. निकाल आधीच सांगून टाकतो: मशीन उत्तम आहे. ते घेऊन महिन्याभरात माळ्यावर टाकणाऱ्यांची तक्रार खरी असते, पण बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. चुकीचा मास्क, कारखान्यातून आलं तसंच ठेवलेलं प्रेशर आणि टाकीत नळाचं पाणी, या तीन गोष्टी जमल्या की कितीही चांगलं मशीन नकोसं होतं. म्हणून या परीक्षणात मशीनपेक्षा ते जोडून घेण्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी मशीन म्हणजे काय ते बघू. घरात सीपॅप आलं की शेजारी विचारतात, "ऑक्सिजन लागला का?" या मशीनमध्ये ऑक्सिजन नसतो. खोलीतलीच हवा गाळून, थोड्या दाबाने ते ती नाकातून घशात ढकलतं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजिभेकडचा मऊ भाग मागे कलतो आणि वाट बंद होते. छाती-पोट श्वासासाठी धडपडत असतात, आत हवा मात्र जात नाही. दहा सेकंद किंवा जास्त वेळ असं झालं की ती एक घटना. मग मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस फुर्र करून श्वास घेतो आणि परत तेच. मशीनचा दाब ही वाट आतून फुगवून उघडी ठेवतो, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यावर ती चपटी होत नाही तसं. ही कल्पना सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांची. १९८१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती मांडली. "काय ढाराढूर झोपलाय, घोरतोय बघ" असं आपण कौतुकाने म्हणतो, त्यातली कितीतरी झोप ही अशी गळा दाबलेली झोप असते.

मशीनच्या आधी तपासणी

तपासणीशिवाय मशीन घेऊ नका. घोरणं, दिवसा पेंग, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहणं, रक्तदाब, जादा वजन, पन्नाशीपुढचं वय, ४० सेंटिमीटरपेक्षा जाड मान आणि पुरुष असणं, या आठ मुद्द्यांच्या यादीला स्टॉप-बँग म्हणतात. तीन किंवा जास्त मुद्दे जुळले तर तपासणी करून घ्यावी, पाच किंवा जास्त जुळले तर टाळाटाळ नको. वजनाचा मुद्दा मूळ यादीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर असा आहे. आपल्याकडे त्यापेक्षा सडपातळ माणसांनाही हा आजार होतो, कारण आखूड जबडा आणि पोटावरची चरबी बीएमआयमध्ये नीट दिसत नाही.

घरी होणाऱ्या तपासणीत नाकाखाली नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर असतो. दवाखान्यात रात्रभर राहून केलेल्या तपासणीत यांच्याबरोबर डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा लावतात, त्यामुळे माणूस खरोखर किती वेळ झोपला तेही कळतं. हा फरक किरकोळ नाही. घरच्या तपासणीत एकूण घटनांना झोपेच्या तासांनी न भागता यंत्र चालू असलेल्या तासांनी भागतात. आठ तास यंत्र चालू आणि झोप पाचच तास, तर आकडा कमी येतो. म्हणून लक्षणं ठळक असताना घरचा रिपोर्ट "नॉर्मल" आला, तर तिथेच थांबू नका.

रिपोर्टमधला मुख्य आकडा एएचआय, म्हणजे तासाला किती घटना. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ऑक्सिजन किती खाली गेला आणि किती वेळ खाली राहिला. एएचआय २० असून ऑक्सिजन ९० च्या वर राहिलेला माणूस आणि एएचआय २० असून ऑक्सिजन ७० पर्यंत उतरलेला माणूस, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. उताणं झोपल्यावरचा आकडा आणि कुशीवरचा आकडा वेगवेगळा दिलेला असेल तर तोही वाचा. कुशीवर तो निम्म्याहून कमी होत असेल तर मशीनइतकंच कुशीवर झोपण्याचं वळणही उपयोगी पडतं.

इथे एक खटकणारी पद्धत सांगायलाच हवी. बऱ्याच ठिकाणी घरची तपासणी मशीन विकणाराच करतो, बहुतेक वेळा फुकट. फुकट तपासणीचा रिपोर्ट त्याच्याच लेटरहेडवर येतो आणि त्याच दिवशी मशीनचा दर. अशा रिपोर्टवर झोपेच्या आजारांचं काम करणाऱ्या छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची सही आहे का, त्यांनी कच्च्या नोंदी पाहिल्या आहेत का, एवढं तरी विचारा. ज्यांना गंभीर सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) आहे, हृदय कमजोर आहे, स्नायूंचा आजार आहे किंवा जे अफूवर्गातली वेदनाशामकं घेतात, त्यांना घरची तपासणी पुरत नाही. त्यांची तपासणी दवाखान्यातच व्हायला हवी.

डब्यात काय येतं आणि कसं चालतं

मशीन सव्वा किलोच्या आसपास, जाडजूड पुस्तकाएवढं. उजव्या अंगाला पाण्याची टाकी सरकवून बसते, ३८० मिलिलिटरची. आवाज २६.६ डेसिबल, म्हणजे पंखा चालू असेल तर मशीन ऐकू येतच नाही. ऐकू येतो तो मास्कच्या कडेतून सुटणाऱ्या हवेचा फुसफुस आवाज. तो आला तर मास्ककडे बघा, मशीनकडे नको.

दाब ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या हिशोबात. ऑटोसेट म्हणजे हा दाब रात्रभर स्वतःहून वर-खाली होतो. घोरण्याची थरथर, श्वासाच्या लाटेचा चपटा होत जाणारा माथा आणि पूर्ण थांबलेला श्वास, या तीन खुणांवर मशीन दाब वाढवतं आणि वाट मोकळी राहिली की हळूहळू उतरवतं. यातली कौतुकाची गोष्ट म्हणजे श्वास थांबला की मशीन हवेचे बारीक ठोके देऊन पाहतं की वाट बंद आहे की उघडीच आहे. वाट उघडी असून श्वास थांबला असेल तर ती मेंदूकडून आलेली, म्हणजे सेंट्रल घटना. तिथे दाब वाढवून उपयोग नसतो, उलट त्रास होऊ शकतो, म्हणून मशीन तो वाढवत नाही. स्वस्तातल्या कितीतरी मशीनमध्ये हा भेद इतक्या विश्वासाने होत नाही. दोन मशीनच्या किमतीतला फरक इथे वसूल होतो, रंगीत स्क्रीनमध्ये नव्हे.

ईपीआर नावाची सोय श्वास सोडताना दाब १, २ किंवा ३ ने कमी करते. पहिल्या आठवड्यात ती वरदान वाटते. पण खालचा दाबच ४ वर ठेवला असेल तर ईपीआरला उतरायला जागा नसते, कारण ४ च्या खाली मशीन जात नाही. मग माणूस म्हणतो, ईपीआर लावलं पण काहीच फरक नाही. फरक कसा पडणार?

प्रेशर ४ ते २० : सगळ्यात मोठी चूक

विक्रेता डबा उघडतो, मास्क देतो, चालू-बंद दाखवतो आणि जातो. मशीन तसंच ४ ते २० वर राहतं. मोठ्या माणसाला ४ चा दाब म्हणजे रुमाल तोंडावर धरून श्वास घेतल्यासारखं वाटतं. "जीव गुदमरतो" ही पहिल्या रात्रीची तक्रार बहुतेक वेळा दाब जास्त असल्याने नव्हे, कमी असल्याने येते. आणि ४ वरून निघालेलं मशीन घटना झाल्यावर धावत ९-१० पर्यंत चढतं, तोवर दोन-तीन वेळा श्वास अडकलेला असतो.

योग्य पद्धत अशी: एक ते दोन आठवडे मशीन वापरून नोंद घ्यायची. त्यात रात्रीच्या ९५ टक्के वेळात दाब ज्या आकड्याच्या आत राहिला तो आकडा मिळतो, आणि रात्रभराचा मधला आकडा, म्हणजे मीडियन, मिळतो. खालची मर्यादा मीडियनच्या जवळ आणायची, वरची ९५ टक्क्यांच्या आकड्यापेक्षा दोन-तीन जास्त. समजा मीडियन ८ आणि ९५ टक्क्यांचा आकडा ११, तर ७ ते १४ ही मर्यादा डॉक्टर साधारण ठरवतील. हे काम डॉक्टरांचं किंवा त्यांच्या सांगण्यावरून तंत्रज्ञाचं. पण आपल्या मशीनमध्ये आकडे काय आहेत हे पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. डायल आणि होमचं बटण एकत्र तीन सेकंद दाबलं की आतला मेनू उघडतो. तिथे मोड 'ऑटोसेट' आहे ना, खालचा आकडा ४ च आहे का, आणि मास्कचा प्रकार बरोबर निवडला आहे ना, एवढं बघून बाहेर या. मास्कचा प्रकार चुकला की गळतीचा हिशोब चुकतो आणि स्क्रीनवरचे आकडे भरवशाचे राहत नाहीत.

रॅम्प 'ऑटो'वर ठेवावा. यात तुम्ही झोपलात असं मशीनला वाटेपर्यंत, जास्तीत जास्त अर्धा तास, दाब कमीच राहतो. पण रॅम्पचा सुरुवातीचा आकडाही ४ वर असतो. तो ५-६ करून घेतला की गुदमरणं बरंचसं जातं.

पोट फुगणं, सकाळी ढेकरांची माळ, ही हवा गिळल्याची लक्षणं. दाब जास्त किंवा मास्क गळका असला की हे होतं. वरची मर्यादा कमी करणं आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच करणं, हे दोन उपाय. आधी मास्क तपासा मग दाबाला हात लावा.

मास्क : इथे वेळ द्या

मशीन विकत घेणं सोपं, मास्क निवडणं अवघड. नाकावर बसणारा (रेसमेडचा एन२०), नाकपुड्यांत टेकणारा (पी१०) आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा (एफ२०), असे तीन मुख्य प्रकार आहेत. विक्रेता बहुतेक वेळा पूर्ण चेहऱ्याचा देतो, कारण "तोंडाने श्वास घेतलात तरी चालेल". पण मोठा मास्क म्हणजे गळायला लांबलचक कड, आणि जास्त दाब लागण्याचीही शक्यता. नाक मोकळं असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कने करा. नाक चोंदलेलं असेल तर त्याचा उपचार आधी: ॲलर्जीची सर्दी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकातला स्टेरॉइड स्प्रे रोज, काही आठवडे. नाक बंद ठेवून मास्क बदलत बसणं म्हणजे दार बंद करून खिडक्या रंगवणं.

बसवण्याची रीत: पट्टे ढिले ठेवून मास्क चेहऱ्यावर धरा. आडवे पडा, कारण आडवं पडल्यावर गालांचा आकार बदलतो. मशीनमधलं 'मास्क फिट' चालू करा. मशीन तीन मिनिटं रात्रीच्या दाबाची हवा सोडतं. आता आधी वरचे पट्टे, मग खालचे, थोडे थोडे ओढा. गळती थांबली की तिथेच थांबा. सिलिकॉनची कड दुहेरी असते, हवेने ती फुगून कातडीवर तरंगते. पट्टा करकचून आवळला की ती चिपकून बसते आणि कडेने हवा सुटायला लागते. गळते म्हणून आवळायचं, आवळल्याने अजून गळायचं, आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल खड्डा. कुशीवर वळून पाहा. उशीने मास्क ढकलला जातो का तेही पाहा.

गळतीचा निकष: ९५ टक्के वेळात मिनिटाला २४ लिटरच्या आत. त्याच्या वर सतत जात असेल तर आकडे विश्वासाचे नाहीत आणि उपचारही अर्धवट. गळतीची नेहमीची कारणं चार-पाचच: दाढी, मास्कची जास्त जुनी गादी (चेहऱ्याला टेकणारं सिलिकॉन), चुकीचा आकार, तोंड उघडं पडणं आणि तेल. तेल म्हणजे रोज रात्री डोक्याला लावलेलं खोबरेल. ते कपाळावरून गालापर्यंत येतं, सिलिकॉन निसरडं होतं, पट्टे ताणून ढिले पडतात. तेल लावायचंच असेल तर सकाळी लावा. रात्री झोपण्यापूर्वी तोंड साबणाने धुऊन कोरडं करा, वर क्रीम नको.

सकाळी मास्कची गादी सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. उन्हात टाकली की सिलिकॉन कडक पडतं. नळी आणि पट्टे आठवड्याला एकदा. ब्लीच, स्पिरिट, जंतुनाशकाचा कडक साबण, सुगंधी तेल, यातलं काहीही नको. बाजारात ओझोनने "निर्जंतुक" करणारे डबे मिळतात, ते घेऊ नका. ओझोनचा वास फुप्फुसाला त्रासदायक आहे, दमा असलेल्याला तर जास्तच, आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२० मध्ये यावर सावधगिरीची सूचना काढली आहे. साबण-पाणी पुरतं.

आणखी एक, बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. एन२० आणि एफ२० च्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या क्लिपा असतात. कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना दिली की पेसमेकर, कानातलं इम्प्लांट किंवा डोक्यातली धातूची क्लिप असलेल्यांनी चुंबक त्यांच्यापासून सहा इंच लांब ठेवावेत. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हीच अट. अशा घरात चुंबक नसलेला मास्क मागा.

पाणी, पावसाळा आणि एसी

टाकीत रोज डिस्टिल्ड पाणी. बोअरवेलच्या पाण्याने आठवडाभरात तळाच्या पत्र्यावर पांढरा थर बसतो. आरओचं पाणीही डिस्टिल्ड नव्हे, क्षार कमी असतात इतकंच, पण एखाद्या रात्री चालेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी घेऊ नका, ते माणसाच्या श्वासात जायचं पाणी नाही. थर बसलाच तर एक भाग व्हिनेगर आणि नऊ-दहा भाग पाणी यात टाकी भिजवा, स्वच्छ धुवा. टाकी ढगाळ दिसायला लागली, चिरली किंवा तिला खाचा पडल्या की बदला. पाण्यात निलगिरीचे थेंब किंवा बामचा तुकडा टाकण्याचा मोह हमखास होतो, सर्दी झाली की विशेष. टाकू नका. वाफारा वेगळा घ्या, मशीनला त्यातून वगळा.

पाणी भरलेली टाकी घेऊन मशीन उचलायचं नाही. वाकडं झालं की पाणी आत जातं आणि मग दुरुस्ती. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीत जमलेलं पाणी परत टाकीकडे उतरेल. एसीच्या खोलीत रात्री तीन वाजता नाकात गार थेंब पडून जाग येते, त्याचं कारण गार नळीत वाफेचं पाणी होणं. आर्द्रतेची पट्टी १ ते ८ असते, ४ वरून ३ किंवा २ करा, किंवा गरम होणारी नळी घ्या. तिचं तापमान १६ ते ३० अंशांत ठेवता येतं. उलट, तोंड आणि घसा कोरडा पडत असेल तर आर्द्रता वाढवण्याआधी तोंडाने गळती होते का ते तपासा. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बंद ठेवूनही कितीतरी जणांचं भागतं.

टाकीजवळ आवाज येत असेल आणि स्क्रीनवर टाकी तपासायची सूचना असेल तर टाकीच्या रबरी पट्टीकडे बघा. धुऊन परत लावताना ती उलटी बसते.

मागच्या बाजूचा फिल्टर पांढरा, चौकोनी, धुवायचा नसतो. महिन्याला तपासा, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे किमान सहा महिन्यांत बदला. मच्छरची कॉइल, उदबत्ती, रस्त्याकडची खिडकी यांच्या सोबतीने राहणाऱ्या घरात तो दोन-तीन महिन्यांतच राखाडी होतो. कॉइल पेटवून तिच्याच शेजारी सीपॅप ठेवणं, यापेक्षा फुप्फुसाची थट्टा काय असणार?

रोज स्क्रीनवर काय बघायचं

सकाळी स्क्रीनवर वापराचे तास आणि मास्कचा चेहरा (हसरा किंवा पडलेला) दिसतो. विक्रेत्याला सांगून आतल्या मेनूत 'एसेन्शियल्स'ची निवड 'प्लस' करून घ्या, म्हणजे तासाला घटना आणि गळतीही दिसायला लागतात. घटना ५ च्या खाली, गळती २४ च्या खाली, तास जास्तीत जास्त. आकडा एका रात्री ८ आला म्हणून घाबरू नका. सात-आठ रात्रींची सरासरी बघा. ती सतत वर राहिली तर डॉक्टरांकडे.

एसडी कार्ड खाचेत ठेवा. ते काढलेलं असेल तर मशीन सविस्तर नोंदी ठेवत नाही, निव्वळ सारांश ठेवतं. संगणकात लावण्यापूर्वी कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी 'लॉक'वर सरकवा, नाहीतर संगणक त्यावर स्वतःच्या फायली लिहून ठेवतो आणि मशीन कार्ड ओळखत नाही. ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर ही नोंद श्वासागणिक दाखवतं. डॉक्टरांना दाखवायला ते फार उपयोगी आहे, स्वतः प्रेशर बदलायला मात्र त्याचा आधार घेऊ नका.

तास हा आकडा सगळ्यात मोठा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, सीपॅपवरच्या सेव्ह नावाच्या चाचणीत २,७१७ रुग्ण होते. हृदयविकार आणि पक्षाघात कमी होतील अशी अपेक्षा होती, तसं काही दिसलं नाही. पेंग आणि घोरणं मात्र कमी झालं. सरासरी वापर रात्रीला ३.३ तासच होता. इतक्या वापरावर मशीनला हृदय वाचवायला सांगणं जरा जास्तच आहे. त्यामुळे "मशीन लावलं की रक्तदाबाची गोळी बंद" असं म्हणणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून मशीन घेऊ नका.

फुप्फुसाचा आजार सोबत असेल तर

सीओपीडी आणि स्लीप ॲप्निया एकाच माणसात असणं, याला ओव्हरलॅप सिंड्रोम म्हणतात. झोपेच्या एका टप्प्यात मानेचे आणि बरगड्यांचे मदतनीस स्नायू सैल पडतात. सीओपीडीचा माणूस श्वासासाठी याच स्नायूंवर विसंबून असतो, त्यामुळे ऑक्सिजन आधीच खाली. त्यात घसा बंद होण्याची भर पडली की दोन घटनांच्या मध्ये ऑक्सिजन वर यायलाही वेळ मिळत नाही. रात्री नुसता ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावून समाधान मानू नका. ऑक्सिजन वाट उघडत नाही. थांबलेला श्वास लांबू शकतो आणि कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. सकाळी डोकं जड होणं आणि गुंगी ही त्याची खूण. डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी सीपॅप चालू, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग सीपॅप.

वजन बरंच जास्त, बीएमआय ३० च्या वर आणि दिवसा जागेपणीही कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर, असं असेल तर तो लठ्ठपणाचा हायपोव्हेंटिलेशन (श्वास अपुरा पडण्याचा) आजार. रक्तातलं बायकार्बोनेट २७ च्या खाली असेल तर त्याची शक्यता कमी, त्यावर असेल तर धमनीतल्या रक्ताची तपासणी. अशांपैकी काहींना हे मशीन पुरत नाही, दोन दाबांचं बायपॅप लागतं. म्हणून हा रिपोर्ट आल्याशिवाय ऑटोसेट विकत घेऊ नका.

दम्याच्या माणसाला रात्री खोकला, छातीत शिट्टी, पहाटे जाग. यातला काही भाग घोरण्यामुळे आणि झोपेत वर येणाऱ्या ॲसिडमुळे असू शकतो. इन्हेलर वाढवत राहण्याआधी एकदा ही बाजू तपासावी. सीपॅपमुळे इन्हेलर बंद होत नाही. आणि झोपेची गोळी किंवा रात्रीचा पेग घशाचे स्नायू अजून सैल पाडतात, मशीन लावलं तरी.

वीज, प्रवास आणि बाकीचं

लोडशेडिंगच्या गावी घेऊन जात असाल तर सगळ्यात आधी आर्द्रता आणि गरम नळी बंद करा. बॅटरी खाणाऱ्या त्याच दोन आहेत. मशीन २४ व्होल्टवर चालतं, बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडायचं तर कंपनीचा डीसी कन्व्हर्टर लागतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. वीज गेलीच तर भीती नको. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. ती झडप कोरडी आणि स्वच्छ ठेवली तरच उघडते. काही गाड्यांत रात्री चार्जिंगचे प्लग बंद ठेवतात, त्यामुळे रेल्वेने जाताना बॅटरी सोबत ठेवा. विमानात न्यायचं तर टाकी रिकामी आणि कोरडी, मशीन हातातल्या बॅगेत.

एअरसेन्स ११ ला टचस्क्रीन आहे, वजन थोडं कमी आहे, उपचारासाठी दाबाची मर्यादा तीच. दहा नंबरचं चांगल्या स्थितीत असेल तर बदलायची घाई नको. फिलिप्सच्या जुन्या ड्रीमस्टेशनचा विचार करत असाल तर थांबा: आवाज शोषणाऱ्या आतल्या फोमचा भुगा होऊ शकतो म्हणून कंपनीने ती मशीन जून २०२१ मध्ये परत बोलावली होती, आणि त्यातली काही एका हातातून दुसऱ्या हाती अजून विकली जातात. आरोग्यविम्याचा भरवसा धरू नका, कित्येक पॉलिसींत सीपॅप न देण्याच्या वस्तूंत असतो. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने मिळतंय का बघा, आणि त्या महिन्यात किमान दोन प्रकारचे मास्क लावून बघा.

जुनं मशीन घेणार असाल तर आतल्या मेनूत 'अबाउट' उघडून चालल्याचे तास पाहा. २०,००० तासांनंतर 'मोटर लाइफ एक्सीडेड' असा संदेश येतो, म्हणजे रोज आठ तास धरले तर जवळपास सात वर्षं. तास १२,००० च्या पुढे असतील तर भाव निम्म्याखाली मागा. टाकी, नळी, मास्क आणि फिल्टर नवे घ्या. आधीच्या माणसाचं प्रेशर आत तसंच असतं, ते तुमच्या चिठ्ठीप्रमाणे बदलून घेतल्याशिवाय पहिली रात्र लावू नका.